चार वाजताची सून

"बस गं जरा, दमून आली असशील," सासूबाई टीव्हीला म्हणाल्या.

मी त्यांच्याच पलंगावरची ओली चादर काढत होते. माझ्या सुट्टीचा दिवस, आणि सकाळपासून बूड टेकलं नव्हतं. मला कुणी बस म्हटलं नाही.

टीव्हीवर ओळ उमटली होती, 'आई, आले हं मी.' ही माझ्या धाकट्या जावेची करामत. ती परगावी कॉम्प्युटरच्या ऑफिसात असते. मागे आठवडाभर राहायला आली तेव्हा टीव्हीखाली एक काळा डबा बसवून गेली. सासूबाईंच्या लाडक्या जुन्या मालिकेचे सगळे भाग त्यात आहेत. सुरुवातीला एक भाग संपला की दुसरा आपोआप लागायचा. सासूबाईंचा डोळा लागायचा, आणि जाग येईपर्यंत मालिकेत दोन लग्नं मोडलेली असायची. मग कोण कुणाला सोडून गेलं हे त्या मला विचारत बसायच्या. म्हणून धाकटीने चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे डब्याने कधी काय करायचं त्याच्या सूचना, लिहून दिली. रोज चार वाजता एकच भाग लागायचा. संपल्यावर सासूबाईंनी रिमोटचं मोठं बटण दाबलं तर उद्या पुढचा, नाही दाबलं तर झोप लागली असं समजून उद्या पुन्हा तोच. आणि सुरुवातीला गंमत म्हणून ती ओळ.

सासूबाईंना वाटतं, ती खरोखर येते. तिकडून बघते, ऐकते. म्हणून चारच्या आधी केस विंचरून तयार. असं काही नसतं, मी सांगून पाहिलं. तर म्हणाल्या, तुला काय कळतंय त्यातलं.

पोटात दुखलं म्हणायचं तर खुशाल म्हणा. दुखलंच. त्यांची अंघोळ मी घालते, गोळ्या मी देते, रात्री हाताला धरून संडासला मी नेते. दिवसभर इस्पितळात नर्सांच्या ड्यूट्या लावायच्या आणि घरी येऊन हे सगळं. आणि दारात कुणी आलं की, "माझी धाकटी रोज चारला येते हो!" नवऱ्याजवळ बोलले तर म्हणाला, आई खूश आहे ना, मग झालं तर. त्याचं काय जातंय म्हणायला?

कधी वेळ बदलावी लागली तर स्क्रिप्ट कशी उघडायची, हे धाकटीनेच मला फोनवर शिकवलं होतं. एका रात्री उघडली. अमुक वेळ झाली तर हे कर, नाहीतर ते कर. आमच्या ड्यूट्यांसारखंच. मी चारच्या जागी सहा केले, कारण सहाला मी घरी येते. आणि 'आले हं मी' पुसून टाकलं. आता मी दारातून आत आणि भाग सुरू. म्हटलं, बघू कुणाची वाट बघतात.

दुसऱ्या दिवशी धापा टाकतच घरी पोचले. सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, केस विंचरलेले. थर्मासमधला चहा तसाच. दुपारी आडव्यासुद्धा झाल्या नव्हत्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"माझी वाट बघत होतात?"

"धाकटीची गं. चारपासून बसलेय. आज फिरकलीच नाही. बरी असेल ना ती?"

भाग सुरू झाला, पण त्यांनी पडद्याकडे धड पाहिलं नाही. बटणही दाबलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तोच भाग, तिसऱ्या दिवशीही तोच. ताटातलं अन्न उरायला लागलं. न आलेल्या बाईपुढेही मी हरले होते.

मग धाकटीचा फोन आला. "ताई, आईंचा भाग पुढे सरकत नाहीये. फार झोपतात का हल्ली?"

कुठला भाग कधी लागला, बटण दाबलं की नाही, एवढं तिला तिकडे बसून दिसत होतं. बदललेली वेळही दिसली असणार. त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि तिचा तो समजूतदारपणा मला जास्तच झोंबला. हो, झोपतात, एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी पुन्हा चार केले. तिची ओळ माझ्या हाताने टाइप करणं अगदी जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. एवढं काय बोलतात दोघी, ते मला ऐकायचंच होतं. हळूच दार उघडलं आणि चपला हातात घेऊन खोलीबाहेर उभी राहिले.

"आलीस बाई!" सासूबाई म्हणाल्या. "किती दिवस केलेस गं. बस. मोठीची पाठ परत धरलीये, ऐकलंस का? सांगायची नाही ती. मला उठवताना दातओठ खाते नुसती. तोंडाने फटकळ आहे, पण अंघोळीचं पाणी स्वतःच्या हातावर घेतल्याशिवाय माझ्या अंगावर ओतत नाही. माझ्या आईनंतर असं कुणी केलं नाही माझं. तिला म्हणू नकोस हं मी सांगितलं म्हणून."

माझे डोळे भरून आले. आणि तरीसुद्धा, देवाशपथ सांगते, मला धाकटीचा हेवाच वाटला. इतक्या वर्षांत हे मोकळं बोलणं माझ्या वाट्याला आलं नव्हतं, आणि तिला रोज मिळत होतं. तेही तिच्या कानावर न पडता.

मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. मी आल्या पावली मागे फिरले, दार ओढून घेतलं आणि भाग संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले.