सव्वा इंचाचं खोटं

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, शिंप्याच्या गळ्यातली. एका बाजूनं पिवळी, दुसऱ्या बाजूनं पांढरी आणि साठ इंच लांब. म्हणजे साठ इंच असं माझ्या अंगावर छापलेलं आहे. ते कितपत खरं, हे पुढं सांगणारच आहे. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

सांगलीच्या गणपती पेठेत एका दुकानात काजाच्या दोऱ्यांशेजारी मी गुंडाळी होऊन पडले होते. बावीस वर्षांपूर्वी रसूलभाईंनी मला तिथून उचललं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि गळ्यात टाकलं. कोरेगावात त्यांनी तेव्हा नुकतंच दुकान थाटलं होतं. माझं पहिलं माप त्यांनी स्वतःचंच घेतलं. कंबर तीस. त्यांच्या पत्नी जैनबभाभी शेजारी बटणं लावत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, ही कंबर हाय का पेन्सिल?" दोघंही हसले. मला ते घर तेव्हाच आवडलं.

माझ्या उमेदीच्या वर्षांबद्दल मी जरा ऐटीत बोलले तर रागावू नका. लष्करात भरती झालेल्या पोरांच्या छात्या मी मोजल्या, नवऱ्या मुलांचे खांदे मोजले, शाळेच्या गणवेशांचं तर मोजमापच नाही. माप देताना पोट आत ओढून धरायची माणसांची खोड मला पाठ झाली होती. रसूलभाई त्यावर हसत नसत. माझं टोक कमरेवर धरून ते सहज विचारत, "यंदा ऊस कसा काय?" उत्तर द्यायला गिऱ्हाइकाला श्वास सोडावाच लागे, आणि तेवढ्यात ते आकडा वाचून घेत. खरं माप असं गोडीनं काढून घ्यायचं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पण मालकांचं स्वतःचं खरं माप मात्र कुणीच काढून घेतलं नाही. दुसऱ्या माणसाला पॅन्ट घट्ट झाली की कळतं, आपण सुटलोय. शिंप्याला ते कळत नाही. पॅन्ट घट्ट वाटली की रसूलभाई ती मशीनवर घेत, मागची शिवण उसवत आणि आत सोडलेल्या जादा कापडातून अर्धा इंच बाहेर काढत. त्या जादा कापडाला दाब म्हणतात. दाब संपला की नवी पॅन्ट, आणि तिच्यात आणखी मोठा दाब. अशी अर्ध्या अर्ध्या इंचानं वीस वर्षं गेली, आणि त्यांना एकही पॅन्ट कधी घट्ट झाली नाही.

त्यांचं खाणं काही राक्षसी नव्हतं. गिऱ्हाईक आलं की चहा, आणि गिऱ्हाइकासोबत आपणही घ्यायचा, नाहीतर समोरच्याला ओशाळवाणं वाटतं. चहासोबत खारी. कुणाचं लग्न पार पडलं की पेढ्यांचा पुडा कात्रीशेजारी येऊन बसे. दुपारचा डबा साडेतीनला उघडायचा, कारण त्याआधी गर्दी. तोवर भूक खवळलेली, मग चार चपात्या कुठं गेल्या ते कळायचं नाही. रात्री दुकान बंद करून दहाला भरपेट जेवण आणि लगेच झोप. दुकानात मी त्यांच्या गळ्यात, नाहीतर समोर खिळ्याला असायचे. दुकानातलं दिसायचं, घरचं कानावर यायचं, पण टेप काय बोलणार?

गेल्या वर्षी रसूलभाईंना सुईत दोरा ओवता येईनासा झाला. आधी त्यांनी चष्म्याचा नंबर बदलला, मग पुन्हा बदलला. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, डोळा बारीक करायचा, आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जायचा. त्यांची मुलगी सुमैरा सांगलीच्या विश्रामबागेत नर्सिंग शिकते. ती पंधरा दिवसांनी रविवारी घरी आली की सुया टोचायच्या छोट्या गादीवर दोन डझन सुया ओवून टोचून ठेवायची. त्या संपल्या की रसूलभाई एखाद्या शाळकरी गिऱ्हाइकाला लाडीगोडी लावून दोरा ओवून घेत. बापानं कितीही हसून सांगितलं, तरी सुमैराला ते बरं वाटलं नाही. तिनं त्यांना, गळ्यातल्या माझ्यासकट, धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, वजन केलं. चौऱ्याण्णव किलो. ते म्हणाले, "साखर वाढलेली आहे, म्हणून अंधूक दिसतंय. डोळ्याच्या आतल्या पडद्याला अजून काही झालेलं नाही. गोळी देतो, पण वजन उतरवलं नाहीत तर पुढं पडद्यावर येईल, आणि मग चष्मा उपयोगाचा नाही."

शिंप्याला असं सांगणं म्हणजे काय, ते तुम्ही ओळखा. दुकानात परतल्यावर रसूलभाई मशीनवर हात ठेवून बसले. मग मला म्हणाले, म्हणजे कुणालाच नाही, पण मी गळ्यात होते, "डोळं गेलं तर मी कोण राहिलो?" माझे आकडे उभे राहिले.

आता मंडळी, घाबरलेला माणूस पहिली चूक करतो ती उतावळेपणाची. निवृत्त सुभेदार लालासाहेब हे रसूलभाईंचे जुने स्नेही. मुलाच्या साखरपुड्यासाठी सफारीचं कापड घेऊन आले होते. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या इलाज सांगितला. "रसूलभाई, सकाळी कोमट पाण्यात मध. दुपारचं जेवण बंद. राती एक फळ. म्हैन्यात पोट सपाट. आमच्या पलटणीत एकानं केलं हुतं."

"त्याचं फुडं काय झालं?"

"बदली झाली त्याची. फुडचं ठावं न्हाई."

रसूलभाईंनी तोच इलाज धरला. जैनबभाभी डबा पाठवत आणि तो तसाच परत येई. त्या एकदा डबा हातात घेऊन दुकानात आल्या. "माझ्या हातचं आता नकोसं झालं व्हय?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण डोळे भरले होते. सहाव्या दिवशी दुपारी लालासाहेबांचं कापड टेबलावर पसरलेलं असताना त्यांच्या हाताला कंप सुटला, कपाळावर घाम आला. त्यांनी मला कापडावर टाकलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. पॅन्टचा पाय चार इंच आखूड कापला गेला.

"टेपच खोटी हाय," ते म्हणाले आणि मला भिंतीकडं भिरकावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मित्रांनो, ती चूक माझी नव्हती, उपाशीपोटी घेतलेल्या गोळीची होती. पण त्या रविवारी सुमैरा सांगलीहून नवी टेप घेऊन आली आणि तिनं आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. चौकशी एका गुन्ह्याची सुरू झाली आणि उघडा पडला दुसराच. माझा बेचाळीसचा आकडा नव्या टेपच्या सव्वा त्रेचाळीसवर जाऊन बसला होता. इतकी वर्षं ताणून ताणून मी लांबले होते. मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. थोडं थोडं जाणवत होतं. अंगही माझ्यानंच मोजायचं आणि कापडही माझ्यानंच, त्यामुळं कपडे बरोबर बसत. माझं खोटं कुणाच्या अंगाला बोचलंच नाही, म्हणून मीही गप्प राहिले.

सुमैरानं नवी टेप बापाच्या कमरेभोवती घेतली. त्यांनी पोट आत ओढलं. ती सहज म्हणाली, "अब्बा, लालाकाकांच्या कापडाचं काय करणार?"

"काय करणार, माफी मागणार," ते म्हणाले, आणि श्वास सुटला.

"सव्वा त्रेचाळीस," सुमैरानं वाचलं. आपलाच डाव आपल्यावर पडलेला पाहून रसूलभाई ओशाळून हसले, मग खाली बसले.

तिनं मापाची वही काढली. गिऱ्हाइकांची नावं असतात तशी एका कोऱ्या पानावर 'रसूल' असं लिहिलं. म्हणाली, "कुणाची पॅन्ट शिवायची तर तुमी आधी माप घेता. पोट उतरवायचं तर खाण्याचं माप नको घ्यायला? तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं हितं लिवा. आणि जेवा. उपाशी ऱ्हायचं न्हाई. गोळी चालू हाय तुमाला."

तीन दिवसांनी पान भरलं. दिवसाला नऊ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. रसूलभाईंनी बेरीज केली तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी जैनबभाभींना दाखवलं. भाभींनी एका वाटीत अठरा चमचे साखर काढून टेबलावर ठेवली. वाटी शिगोशीग भरली.

पुढं जे झालं त्यात जादू काहीच नाही, म्हणून ते सांगायला मला जास्त आवडतं. नऊ चहांचे तीन झाले, तेही बिनसाखरेचे. पहिला आठवडा रसूलभाई चहा पिताना एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करत. नंतर त्यांना दुधाची चव कळायला लागली. गिऱ्हाइकाला चहा यायचाच, पण त्यांच्या कपात आता कोमट पाणी असे. खारीच्या बरणीत जैनबभाभींनी बटणं भरून टाकली. दुपारी एक वाजता शटर अर्धं खाली यायचं. दोन भाकरी, मटकीची उसळ, कांदा, मुळा किंवा काकडी, आणि हे कच्चं आधी खायचं. भाभी समोर बसून म्हणायच्या, "सावकाश. गाडी सुटत न्हाई तुमची." रात्रीचं जेवण आठला, आणि मग दोघं स्टेशनपर्यंत पायी जाऊन येत. रविवारचं मटण बंद झालं नाही. भात निम्मा झाला आणि तर्री वाडग्यातच राहिली. डबा आता रिकामा होऊन घरी जाई, आणि भाभींचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

लालासाहेबांची माफी मागून झाली होती. चार इंच आखूड पॅन्ट पाहून ते म्हणाले, "माझाच सल्ला माझ्याच पायावर आला म्हणायचा. नातवाला शिवा ह्यातनं कायतरी." पण चहाच्या बाबतीत त्यांनी कुरकुर केलीच. "आमी एकट्यानं प्यायचा व्हय?"

"मी हाय की सोबतीला," रसूलभाई म्हणाले आणि पाण्याचा कप उचलला. महिनाभरानं लालासाहेबही बिनसाखरेचा मागू लागले. कारण विचारलं तर सांगत नाहीत.

आणि मी? नवी टेप रसूलभाईंच्या गळ्यात गेली. मी मशीनमागच्या खिळ्याला. वाईट वाटलं का? वाटलं. पण ज्याच्या अंगावर खोटे आकडे आहेत त्यानं गळ्यात राहायचा हट्ट धरू नये, एवढं मला कळतं. मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी गाठोडं बांधायला वापरतील आणि संपेल.

पण पहिल्याच शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी, रसूलभाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि स्वतःच्या कमरेला लावलं. सुमैरा तेव्हा सुट्टीवर घरी होती. ती म्हणाली, "अब्बा, ती खोटी हाय."

"असू दे," ते म्हणाले. "हिच्यावर चढलोय, हिच्यावरच उतरणार. खोटी असली तरी दर येळी सारखीच खोटी हाय. कमी झालं का न्हाई, तेवढं हिला सांगता येतंय."

त्यांनी माझ्या पांढऱ्या बाजूवर, बेचाळीसजवळ, पेनानं एक ठिपका दिला. नंतर दर शुक्रवारी एक. कधी ठिपक्यावरच ठिपका पडायचा आणि तीन तीन आठवडे हलायचा नाही. बकरी ईदनंतर तो चक्क उलटा सरकला. रसूलभाई त्या दिवशी माझ्याकडं पाहून म्हणाले, "खरं बोललीस." दुसऱ्या दिवशी एक वाजता शटर पुन्हा अर्धं खाली आलं, भाकऱ्या दोनच होत्या. न चिडता, न हरता पुन्हा तिथूनच सुरू करायचं, हे मी माणसांत फार कमी पाहिलं आहे.

दहा महिने झाले. मागच्या रविवारी सुमैरा आली आणि सवयीनं सुयांची गादी पुढं ओढली. तिनं गेल्या खेपेला ओवून ठेवलेल्या दोन डझन सुया जशाच्या तशा होत्या. त्यांच्या शेजारी तिरप्यातारप्या टोचलेल्या, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याच्या सहा सुया होत्या. तिनं बापाकडं पाहिलं.

"ह्या कुणी ओवल्या?"

रसूलभाई मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "मी. लय टाइम लागतोय अजून. पण मीच." सुमैरानं गादी हळूच जागेवर ठेवली आणि पदराआड नाही, अगदी सगळ्यांसमोर रडली. मलाही रडता आलं असतं तर मी रडले असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यासारखी टेप ताणली की बदला, तिच्या भरवशावर राहू नका. जपायचं तर ज्या हातांनी मला धरलं त्यांना जपा. ते वेळेवर जेवतात का, ते बघा. आणि कपडे घट्ट झाले तर कपड्यांवर रागवू नका, ते तुमच्याशी खरं बोलत असतात.

काल शुक्रवार होता. ठिपका सदतीसवर पडला. नमाजाहून आल्यावर रसूलभाईंनी आपली पॅन्ट मशीनवर घेतली, मागची शिवण उसवली, कंबर आत घेतली आणि पक्की टीप मारली. आत चार बोटं कापड उरलं. त्यांनी कात्री उचलली.

जैनबभाभी म्हणाल्या, "आवं, दाब कशाला कापताय? पुन्हा लागला म्हंजे?"

"म्हणूनच कापतोय," रसूलभाई म्हणाले.

कापलेली पट्टी त्यांनी फेकली नाही. खिळ्यावर माझ्याशेजारी अडकवून ठेवली आणि ते दारात आलेल्या लालासाहेबांचं माप घ्यायला उठले.