केळीच्या खांबांची गाडी

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा उदगीरच्या अडत बाजारात पेढे वाटले गेले. मडिवाळप्पांनीही दोन पेढे खाल्ले, पण शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "कचेरी जवळ आली ते बरंच झालं. पर आता हुकूमबी लवकर पोचणार हाय, ध्यानात ठेवा."

त्यांचं कडब्याचं आणि सरकी पेंडीचं दुकान होतं. कपाळाला विभूती, अंगात पांढरी बंडी आणि जिभेवर कायम सरकार. सरकारनं चोर धरावेत, रस्ते नीट ठेवावेत आणि बाकीच्या वक्ताला गप बसावं, हे त्यांचं ठाम मत. "नाक्यावर जकात, बाजारात सेस, वरून विक्रीकर. गाईच्या तोंडात जायच्या आधी पेंडीचं पोतं तीन जागी कर भरून येतं," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. लोक हसत, पण ऐकून घेत. अप्पा मापात मारत नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्या जिल्ह्याचं पहिलंच वर्ष कोरडं गेलं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली आणि कडब्याचा भाव चढत गेला. मग वरून हुकूम निघाला. कडबा ठरल्या भावानंच विकायचा, आणि परवान्याशिवाय चारा जिल्ह्याच्या हद्दीपार न्यायचा नाही, आणायचाही नाही. हेतू वाईट नव्हता, हे अप्पाही मान्य करत. पण हुकूम लागला आणि आठ दिवसांत बाजारातून कडबाच नाहीसा झाला. ज्याच्याकडे होता त्यानं गंज झाकून ठेवली. दुकानावर सरकारी भावाची पाटी टांगलेली आणि आत झाडायलाही काडी नाही. खेड्यातून माणसं गाड्या जुंपून येत, पाटी वाचत आणि तशीच रिकामी परत जात. ते बघून अप्पांना दुपारचं जेवण गोड लागेना.

त्यांनी कचेरीत तीन अर्ज पाठवले. भाव मोकळा करा, परवाना काढून टाका, चारा आपोआप चालत येईल. उत्तर एकाचंही आलं नाही. बाजारात मात्र बोलणं झालं, "अप्पाला नफा पाहिजे."

"पाहिजेच की," अप्पा म्हणत. "नफ्याबिगर कोण गाडी जुंपून येणार हाय?"

अशातच एका सकाळी नागम्मा दुकानासमोर येऊन उभी राहिली. पलीकडच्या राज्यातली, औरादकडची. चाळिशीची, विधवा, मागं दोन हाडकुळ्या म्हशी. गावाबाहेरच्या सरकारी चारा छावणीत तिला घेतलं नव्हतं, कारण रेशनकार्ड तिकडचं.

"छावणीवाल्यांचं चुकलं न्हाई, बाई," अप्पा सरळच म्हणाले. "ती इथल्या लोकांच्या करातून चालती. उद्या हद्दीपलीकडली सगळीच जनावरं आली तर इथल्यांच्या दावणीला काय ऱ्हाईल?"

"छावणी बेडा अप्पा, नको मला," ती म्हणाली. "काम द्या. माझ्या म्हशींचं मी बघते."

हमालांचा मुकादम सिद्धराम तिथंच पोत्यावर बसला होता. तो उठला. "अप्पा, आमालाच चार दिवस झाले काम न्हाई. तुमी बाहेरच्यांना कुठं घेऊन राहिलात?"

त्याचं म्हणणं अप्पांना पटलं. नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या दारातून त्यांच्या पत्नी महादेवी बोलल्या. डोक्यावर पदर, हातात सूप.

"अवो, कडब्याला हद्द नसावी म्हणून तीन अर्ज लिवलात. माणसाला तेवढी हद्द ठेवायची का?"

 बाजारात अप्पांना कुणी असं पेचात धरलं नव्हतं.

"काम काय येतं तुला?" त्यांनी नागम्माला विचारलं.

नागम्माला बरंच येत होतं. दोन हंगाम तिनं शेजारच्या जिल्ह्यातल्या अर्धापुरात केळीच्या बागांत मजुरी केली होती. घड उतरला की केळीचा खांब तोडून बांधावर फेकतात, तो तिथंच कुजतो, ती सांगू लागली. खांब बारीक चिरायचा, रस निथळू द्यायचा, मूठभर मीठ आणि कोंडा घालायचा. पहिल्या दिवशी जनावर तोंड फिरवतं, तिसऱ्या दिवशी वास आला की हंबरतं. "तिकडं कालव्याचं पाणी हाय. खांबांचे ढीग पडलेत. कुणी इचारत न्हाई."

अप्पा जागचे उठले. "सिद्धराम, चिरायला तुझी माणसं लागतील. किती येतात?"

"धा येतील," सिद्धराम म्हणाला. मग नागम्माकडं न बघताच विचारलं, "आन चिरायचं कसं ते कोण दावणार?"

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी ओळखीच्या ट्रकवाल्या वीरभद्रला ठरवून त्याचा ट्रक नागम्मासोबत अर्धापूरला धाडला. म्हशी महादेवींनी परसात बांधून घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी यायचा तो ट्रक आला नाही. आली ती एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती वीरभद्रची चिठ्ठी: जळकोटच्या अलीकडं हद्दीवर अडवलंय, परवाना मागतात.

अप्पांनी पटका बांधला आणि परत जाणाऱ्या त्याच गाडीत बसले.

हद्दीवर एक बांबू आडवा टाकलेला, शेजारी छप्पर, छपरात रजिस्टर घेऊन बसलेला एक शिपाई. ट्रक उन्हात उभा. वरचे खांब तपकिरी पडायला लागलेले, फळीच्या फटींतून पाणी ठिबकून खाली ओल आलेली. नागम्मा पोती भिजवून वर टाकत होती. "अजून एक दिवस गेला तर फेकून द्यावं लागंल," ती म्हणाली.

दुपारी फिरतीवरची जीप आली. उतरले ते नायब तहसीलदार, ज्ञानोबा सोनकांबळे. तिशी ओलांडलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, खांबाला बोट लावून पाहिलं आणि खिशातून हुकमाचा कागद काढला.

"अप्पा, हे काय आहे? चारा की कचरा?"

वीरभद्रनं मागून अप्पांची बाही ओढली. कचरा म्हटलं की गाडी सुटणार, हे समोर दिसत होतं. अप्पांच्याही जिभेवर तो शब्द आला. पण तीन अर्जांखाली आपली सही आहे, ती त्यांना आठवली. खोटं बोलून गाडी सोडवली तर उद्या कुठल्या तोंडानं भांडायचं?

"चाराच हाय साहेब. जनावराच्या पोटात जाणार हाय."

नागम्मानं कपाळावर हात मारला.

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. "कडबा, गवत, भुसा, उसाचं वाढं, पेंड. केळीचं नाव यात नाही." त्यांनी घडी घातली. "ज्याचं नाव नाही, ते मी अडवत नाही. बांबू काढ रे."

अप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. 

"विकणार कितीला?" साहेबांनी विचारलं.

"पैल्या दिवशी महाग. खोटं कशाला बोलू? पर ते बघून दुसरा गाडी आणील, तिसरा आणील. धा गाड्या आल्या की मलाच परवडणार न्हाई, इतका सस्ता हुईल. तुमी निस्ता बांबू काढा साहेब. जमलं तर तीन महिने जकातबी."

"जकात माझ्या हातात नाही. बाकीचं लिहून द्या."

"तीनदा दिलं."

"चौथ्यांदा माझ्या हातात द्या."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अप्पांनी चौथा अर्ज लिहिला.

ट्रक उदगिरात शिरला तेव्हा सिद्धरामची माणसं विळे परजून बसली होती. नागम्मानं पहिला खांब आडवा केला, बारीक चकत्या कशा काढायच्या ते दाखवलं, आणि सिद्धरामनं मान खाली घालून तिच्यासारखंच केलं. संध्याकाळपर्यंत गाडी संपली. पुढच्या आठवड्यात अप्पांच्या तीन गाड्या आल्या आणि दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या पाच.

पंधरा दिवसांनी बाहेरून येणाऱ्या चाऱ्यावरची परवान्याची अट रद्द झाली. भावाची पाटीही उतरली. जकात तशीच राहिली. पहिले दोन दिवस कडबा असा महाग झाला, की लोक अप्पांच्या दुकानासमोर येऊन शिव्या देऊन गेले. अप्पांनी मुकाट ऐकल्या. मनात मात्र धाकधूक होती, आपलंच चुकलं असलं तर? तिसऱ्या दिवशी झाकलेल्या गंजी उघडल्या. मग किनवटकडच्या जंगलातलं गवत रेल्वेच्या डब्यांतून उदगीर स्टेशनात उतरलं. भाव घसरला, आणखी घसरला, पाटीवरच्या आकड्याखाली गेला. अप्पांचा महाग घेतलेला माल तोट्यात गेला. महादेवींना ते हसत हसत सांगायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकं खूश होऊन कुणी तोटा सांगतं का?"

सिद्धरामनं नागम्माला आपल्या टोळीत घेतलं, हमालीचा वाटा बरोबरीचा. छावणीत तिच्या म्हशी शेवटपर्यंत गेल्या नाहीत आणि तिनं मागितलंही नाही.

एका बाजाराच्या दिवशी सोनकांबळे साहेब साध्या कपड्यात दुकानात आले. गावाकडं वडलांची बैलजोडी होती. त्यांनी कडब्याच्या शंभर पेंढ्यांचा भाव विचारला आणि घासाघीस करून इतका खाली आणला, की अप्पा म्हणाले, "साहेब, तुमी नोकरी सोडून अडत टाका."

"तुमचं बरोबर निघालं, अप्पा. पण एक सांगा. भाव कितीही उतरला तरी ज्याच्या हातात काहीच नाही, त्याची गाय छावणीशिवाय जगली असती?"

 छावणीत साडेचारशे जनावरं होती, ती अप्पांनी स्वतः पाहिली होती.

"न्हाई," ते म्हणाले. "ती छावणीनंच जगवली."

साहेब हसले आणि पेंढ्या गाडीत भरू लागले. गाडी गेल्यावर अप्पा आत आले, पटका खुंटीला लावला, महादेवींनी वाढलेल्या दोन भाकरी खाऊन तिसरी मागून घेतली, आणि कित्येक दिवसांनी भर दुपारी सोप्यात आडवे झाले. बाहेर गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत चालली होती. महादेवी ती एकट्याच निभावत होत्या, आणि अप्पा घोरत होते.