बियाण्याच्या डब्यातले दात

फोन आला तेव्हा संघपाल एका आडत्याच्या दाढेत सिमेंट भरत होता. नवीन जालन्यात, स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा दवाखाना. खिडकी उघडली की खालून हरभऱ्याची धूळ आणि हमालांच्या हाका एकदमच वर येत. फोनवर नाव कडूबाआबांचे होते. गावच्या त्या म्हाताऱ्याला त्याने कधी ताटकळत ठेवले नव्हते. हातमोजा काढून त्याने फोन कानाला लावला.

"संघा, जय भीम! ऐक, भागवतच्या अक्षताचा नंबर लागला डेंटलला. तुला दिल्ती तशी कोरायची मशीन तिलाबी घेऊन द्यायची, असं जयंती मंडळानं ठरवलंय. अन् दातांचं मी माझ्याकडं घेतलंय. पंधरा-वीस जमले. कालपासून पत्र्यावर वाळत घातलेत. ऊन कडक हाय, चार दिसांत बराबर वाळतील."

"आबा…" संघपाल म्हणाला. पुढचे वाक्य ओठांवर आले आणि तिथेच बसून राहिले. त्याच्या आयुष्यातली बहुतेक महत्त्वाची वाक्ये अशीच ओठांवर बसून राहिली होती. "आबा, मी उद्या येतो गावाला," एवढेच तो बोलला.

"ये की! तुझाच माल बघायला ये," आबा हसले आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी दवाखाना आवरल्यावर त्याने वरच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. भेंडीच्या बियाण्याचा डबा. रंग उडाला होता, पण झाकणाखाली बांधलेले मांजरपाटाचे फडके अजून शाबूत होते. ते सोडले तसा राखेचा आणि जुन्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला, आणि बारा वर्षे कुठे गेली ते त्याला कळले नाही.

तेरा वर्षांपूर्वी केदारखेड्यातून दंतवैद्यकाला गेलेला तो पहिला मुलगा. शिष्यवृत्तीने फी भागली होती, पण कॉलेजने हत्यारांची जी यादी हातात ठेवली ती घडी घालून खिशात ठेवण्यापलीकडे घरात कुणाला काही करता आले नाही. ती यादी कडूबाआबांनी बुद्धविहारात मोठ्याने वाचून दाखवली. निम्मी नावे चुकीची वाचली. त्या वर्षीची जयंतीची मिरवणूक डीजेशिवाय, नुसत्या हलगीवर निघाली. पोरे आठ दिवस फुगून बसली होती. त्या वर्गणीतून संघपालची मशीन आली. पाटाच्या पलीकडच्या मराठ्यांच्या आळीतूनही काही घरांनी हातभार लावला. त्यांतल्या भागवतने दिले तेव्हा त्याची अक्षता नुकती शाळेत जाऊ लागली होती.

मशीन आली, पण ती चालवायला खरे दात लागतात. काढलेले, माणसांचे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापले जमवायचे, ही तिथली रीत. घरात कुणी दातांचा डॉक्टर असला की बाटली भरते. नसला की दारोदार फिरायचे. संघपालने फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडून आबा एवढेच म्हणाले, "बस? लोक फेकून देतात ते? लेका, सोनं मागितलं असतं तर अवघड होतं."

आबांची तीस वर्षे जालन्यातल्या एका बियाण्याच्या कारखान्यात, वाळवणीच्या ओट्यावर गेली होती. दाणा दाताखाली धरला की त्यात ओलावा किती ते आबा सांगत, आणि यंत्र मागाहून तेच सांगे. 'ओलावा बियाण्याचा वैरी' हे त्यांच्या तोंडी इतके बसले होते की पोरे त्यांना चिडवायला तेच ओरडत. या माणसाने दात गोळा केले. भोकरदनच्या डॉक्टरकडे दाढ काढायला जाणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवले: दात तिथं सोडायचा न्हाई, मागून आणायचा. पोरांचे दुधाचे दातही गोठ्याच्या पत्र्यावर फेकू दिले नाहीत. एका बहाद्दराने त्यांना बकऱ्याचा दात दिला होता, तो आबांनी ओळखून परत केला. मग सगळे दात धुऊन, उन्हात सात दिवस कडकडीत वाळवून, राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून त्यांनी डब्यात भरले. प्रत्येक दात वेगळ्या कागदात. प्रत्येक कागदावर, बियाण्याच्या लॉटवर लिहितात तसे, नाव आणि तारीख.

त्यातली एक चिठ्ठी होती: 'कौसल्या. खालची दाढ. डावी.' कौसल्यामाय आबांची बायको. संघपालची आई मजुरीला गेली की हाच पोरगा तिच्या चुलीपाशी बसून भाकरी खात असे.

पहिल्या वर्षाच्या शेवटी डबा पोचला. परीक्षेला मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची होती. पुस्तकातल्या चित्राला मागची बाजू नसते. संघपालने कौसल्यामायची दाढ समोर ठेवली. फाकलेली दोन मुळे, जणू दमून पाय पसरून बसलेली बाई. भाकरीने झिजलेले माथे. मानेभोवती मिसरीची काळी रेघ. महिनाभर तो तिच्याकडे पाहून कोरत राहिला. शेवटी डोळे मिटूनही हाताला तिची वळणे सापडू लागली. तो पास झाला.

दुसऱ्या वर्षी तेच दात प्लास्टरमध्ये बसवून त्याने वर्गात मशीन चालवली. पहिलाच दात काडकन दुभंगला. दुसराही. तिसऱ्याचे कवच उडून शेजाऱ्याच्या वहीवर पडले. वंदना मॅडम आल्या, त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला.

"हे कोणी वाळवले? दात ओले ठेवायचे असतात. हे काय बी-बियाणे आहे?"

सगळा वर्ग हसला. मॅडमना त्यातले खरे ठाऊक नव्हते, पोरांनाही नव्हते. संघपालच्या कानांच्या पाळ्या तापल्या आणि तो म्हणाला, "मला माहीत नाही, मॅडम. कुठून तरी आलेत."

कुठून तरी. हे दोन शब्द त्याने त्यानंतर पुष्कळदा ऐकले, अगदी एकटा असतानाही. खोलीवर येऊन त्याने डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. कुणी पाहू नये म्हणून. नावे गेली, दात राहिले. त्याच्या खोलीतल्या प्रितमने काही न विचारता आपल्या काकांकडून आणलेल्या बाटलीतले निम्मे दात त्याच्या वाटीत ओतले, आणि वर्ष निभावले. गावाला गेल्यावर आबांनी विचारले, "आले का कामाला?" तेव्हा संघपाल म्हणाला, "आले, आबा." म्हाताऱ्याचा चेहरा असा काही फुलला की त्यानंतर खरे सांगायची वेळ कधी आलीच नाही. कौसल्यामाय चार वर्षांनी गेली. आपली दाढ डॉक्टरकीला लागली, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत गेली.

आता मात्र गोठ्याच्या पत्र्यावर पुन्हा दात वाळत होते, आणि ते अक्षताच्या वाट्याचे होते.

दुसऱ्या दिवशी त्याने डबा आणि सलाईनने भरलेली मोठी बरणी मोटरसायकलच्या पिशवीत ठेवली. राजूर मागे पडले, कपाशीची शेते दोन्हीकडून सरकत राहिली. पूर्णेच्या पुलावर तो थांबला. इथूनच कधीकाळी कौसल्यामाय डोईवर पाटी घेऊन परतताना दिसायची. मनातल्या मनात त्याने सांगायची वाक्ये लावून पाहिली. प्रत्येक वाक्य सौम्य होते आणि प्रत्येकात थोडे खोटे होते.

आबा गोठ्यापाशी खाटेवर बसून काठीने कावळे हाकलत होते. बाजूला अक्षता उभी होती, आणि जात्याच्या तुटक्या तळीवर बसलेली शेजारची उषाबाई तिला काहीतरी सांगून हसवत होती.

"आले गं डॉक्टर!" उषाबाई म्हणाली. "डॉक्टर, माझे दोन दात हायेत बरं त्या फडक्यावर. बदल्यात कवळी तरी फुकट देसाल का न्हाई?"

"देतो की, काकू."

"हिला नको देऊ," आबा म्हणाले. "मला दिल्ती ती मी खिशात ठेवतो, लग्नापुरती लावतो. हिनं लावली तर गाव सोडावं लागंल, इतकी बोलंल."

अक्षता हसली. "दादा, मला एवढे दात कशाला लागतील?"

संघपालने पत्र्यावरचे फडके खाली घेतले. दात उन्हाने तापले होते. ते तळहातावर घेतल्यावर त्याला जाणवले की पुलावर लावलेले एकही सौम्य वाक्य आता उपयोगाचे नव्हते.

"आबा, हे दात वाळवायचे नसतात."

"मंग?"

"पाण्यात ठेवायचे. मिठाच्या पाण्यात, औषधाच्या पाण्यात. वाळले की ठिसूळ होतात. मशीन लावली की फुटतात."

"अगं बया!" उषाबाईने कपाळाला हात लावला. "अन् हे म्हातारं दोन दिसांपासून जेवण सोडून कावळे हाकलून राह्यलंय!"

आबा तिच्याकडे बघत नव्हते. "तुझे न्हाई फुटले," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"फुटले, आबा. सगळे नाही, पण मशीनखाली एकही टिकला नाही." आणि मग, जालन्यात राहून घासूनपुसून घेतलेली त्याची भाषा आपोआप गळून पडली. "मॅडमनी इचारलं, कोणी वाळवले. सगळे हसले. मला ठाऊक न्हाई, असं म्हणलो मी. कुठून तरी आले म्हणलो. तुमच्या चिठ्ठ्या होत्या ना नावाच्या, त्याबी फाडल्या. अन् तुम्हाला येऊन सांगितलं, कामाला आले."

गोठ्यातली शेळी एकदा ओरडली. अक्षता खाली बघू लागली.

आबांनी काठी खाटेला टेकवून ठेवली. "बारा वर्सं," ते म्हणाले. "आमच्या प्लांटवर, एखाद्या गावी बियाणं उगवलं न्हाई तर शेतकरी चप्पल घेऊन येयचा. आईवरून शिव्या देयचा. ऐकायला बरं वाटायचं न्हाई. पण दुसऱ्या साली लॉट सुधरायचा. जो गुमान घरी बसला, त्याचं वावर गेलं अन् आमचीबी चूक तशीच राह्यली. तू गुमान बसला, लेका."

"हो."

"शिव्या देयाच्या होत्या मला."

"तुम्हाला कशा देऊ, आबा?"

"मंग आज सांगायला का आला?"

संघपालने अक्षताकडे बोट केले नाही, पण आबांची नजर तिकडे गेली. त्यांनी मान हलवली.

"एवढं तर बरं केलं," ते म्हणाले. "अन् आमचा एकबी दात कामाला न्हाई आला म्हण की."

"एक आला." संघपालने पिशवीतून डबा काढला. डबा पाहताच आबा खाटेच्या कडेला सरकले. "मेणाची दाढ कोरायची होती परीक्षेला. हिला बघून कोरली. महिनाभर. दुसरं काही समोर नव्हतं."

"चिठ्ठ्या तर फाडल्या तू. कोणाची म्हणून सांगतो?"

संघपालने डब्यात बोटे घातली. तिथे चाळीस-एक दात एकमेकांत मिसळून पडले होते, सगळे राखेच्या रंगाचे. त्याने न चाचपडता एक उचलला, फुंकर मारली आणि आबांच्या हातावर ठेवला.

आबांना जवळचे नीट दिसत नसे. त्यांनी अंगठ्याच्या नखाने मानेभोवतीची रेघ शोधली आणि नख तिथेच ठेवले.

"मिसरी," ते म्हणाले. "किती डाव म्हणलो, सोड, सोड." मग कुणाशीच नव्हे असे बोलले, "कौसल्या सगळ्या गावाला सांगायची, माझी दाढ डॉक्टर झाली."

"ते खोटं नव्हतं, आबा."

पिशवीतून डोकावणाऱ्या बरणीकडे हात करून आबा म्हणाले, "ती बरणी आण."

फडक्यावरचे दात एकेक करून बरणीत पडले. दोनच दिवस ऊन खाल्लेत, काही वाचतील, असे संघपालने अक्षताला समजावले. यापुढे दात निघाला की डॉक्टरकडूनच थेट पाण्यात यायला हवा. ती मन लावून ऐकत होती. शेवटी आबांनी मूठ पुढे केली.

"हीबी टाक."

"आबा, ही आता पहिल्यासारखी नाही होणार. फार कोरडी झालीय."

"मशीन लावायला कोण सांगून राह्यलं? पोरीला बघून कोरायला होईल." त्यांनी स्वतःच मूठ बरणीवर उघडली. "अन् बारा वर्सं पाण्याबिगर ठेवली तू तिला."

दाढ हळूहळू तळाशी गेली. तिच्या मुळांतून दोन बारीक बुडबुडे निघाले आणि वर आले.

"चिठ्ठी लाव," आबा अक्षताला म्हणाले. "बाहेरून लाव, आत भिजंल. लिही. कौसल्या. खालची दाढ. डावी."

अक्षताने वहीचे पान फाडले आणि गुडघ्यावर ठेवून लिहिले. "तारीख कोणती टाकू, आज्या? तेव्हाची?"

आबांनी संघपालकडे पाहिले. लॉट फिरून तपासला की नवी तारीख पडते, ही प्लांटवरची रीत त्यालाही ठाऊक होती.

"आजची टाक," कडूबाआबा म्हणाले.