बंद गोदामाची पायरी

वकीलबाईंनी मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"तुमची साक्ष झालीये. आता मध्ये बोलायचं नाही."

मास्तर बसले. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांची बायको कठडा घट्ट धरून उभी होती. सामान पोचवणाऱ्या गाडीनं मास्तरांना उडवलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. उजवं कोपर सांधलं, पण बोटांत कात्री काही पुन्हा बसली नाही. शिंप्याचा उजवा हात गेला म्हणजे काप गेले नि भोकं राहिली, असं ते स्वतःच हसून सांगायचे. आता भरपाईचा दावा उभा होता, आणि विमा कंपनीचा वकील त्यांच्या बायकोला अगदी गोड आवाजात विचारत होता.

"मास्तर रोज सकाळी घराबाहेर पडतात ना, ताई?"

"हो."

"आणि थेट जुन्या दुकानाशी जातात. आमच्या माणसानं पाहिलंय. म्हणजे काम चालूच आहे."

मास्तरांनी झटकन बायकोकडे पाहिलं. घरी ते सांगायचे, दवाखान्यात हाताच्या व्यायामाला जातो. परतले की बायको विचारायची, "आज बोटं वळली का?" आणि ते म्हणायचे, "थोडीशी."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"काम नाही करत ते," ती म्हणाली. "दुकान आता दुसऱ्याचं आहे. समोर एक बंद गोदाम आहे, त्याच्या पायरीवर बसतात. आतला माणूस कापड बेततो ते बघत राहतात. मधूनच डाव्या हातानं मांडीवर रेघा ओढतात. दुपारी उठून घरी येतात."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. वकीलबाई पुटपुटल्या, "छान." मास्तर फरशीकडे बघत होते. भर चौकात कुणी अंगावरचे कपडे उतरवावेत तसं त्यांना झालं होतं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती रोज बोटांचं विचारत होती.

"मग व्यायामाला जात नाहीत तर," कंपनीचा वकील हळूच म्हणाला.

आता बायकोनं मास्तरांकडे पाहिलं.

"उपचार त्यांनीच सोडले. मग हात सुधारला नाही यात गाडीचा दोष किती आणि त्यांचा किती, हे बघावं लागेल."

मास्तर पुन्हा उठायला गेले. या वेळी गुडघ्यावरचा वकीलबाईंचा हात चांगलाच जड होता.

बाहेर व्हरांड्यात ते वकीलबाईंना एका दमात म्हणाले, "व्यायाम घेणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं. हात आता यापुढं सुधारायचा नाही, उगाच खेटे घालू नका म्हणाल्या."

"लेखी दिलंय?"

"नाही. तोंडी."

"साक्षीला येतील?"

"त्या नोकरी सोडून गेल्या. कुठं, कुणालाच माहीत नाही."

वकीलबाईंनी फाइल मिटली. "काहीतरी मिळेल. पण धरलं होतं तेवढं नाही. मला आधी सांगितलं असतंत तर…" वाक्य तसंच सोडून त्या पुढच्या खटल्यासाठी आत गेल्या.

बायको भिंतीला टेकून उभी होती.

"मी वाचवायला गेले हो."

"ठाऊक आहे मला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रोज आशेनं विचारायचीस. नाही म्हणायला जीभ रेटेना."

दुसऱ्या दिवशी मास्तर आंघोळ करून खुर्चीत बसून राहिले. घराबाहेर पडायला आता काही निमित्तच उरलं नव्हतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता ती म्हणाली, "निघायचं तर लवकर निघा. आणि भिंतीकडच्या बाजूला बसा. एरवी उन्हं चढली की डोळ्यांवर हात धरून बसता."

मास्तर उठले, दारापर्यंत गेले, आणि चौकटीला धरून तिथंच उभे राहिले.