ढोल्याची हाक

"जरा गप्प बसाल का दोघं?" ती म्हणाली, आणि तिचे दोन्ही विद्यार्थी जागच्या जागी थिजले.

प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या उथळ पेटीत, वाहत्या खाऱ्या पाण्यात एक मादी मासा भूल देऊन ठेवलेला होता. केसाहून बारीक तार माशाच्या मेंदूच्या मधल्या भागात टेकवलेली होती. तिनं बटण दाबलं. पाण्यातल्या स्पीकरमधून नराची हाक घुमली, ढुम, ढुम, ढुम. लगेच टेबलावरच्या दुसऱ्या स्पीकरमधून, प्रत्येक ठोक्यासरशी, लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट झाला. मेंदूतली एक पेशी जागी झाली होती. मग तिनं होडीच्या इंजिनाचा आवाज लावला. पेशी ढिम्म. पुन्हा हाक लावली, पुन्हा तडतड.

"ऐकलंत? कानात काय, सगळंच शिरतं," ती म्हणाली. "पण हा आवाज आपल्यातल्याचा, हे कळतं ते इथं."

बंदरावर या माशाला ढोल्या म्हणत. विणीचे दिवस आले की नर पोटातली हवेची पिशवी बडवून माद्यांना हाका मारतात, आणि माद्यांचे कानही नेमके त्याच दिवसांत तीक्ष्ण होतात. एरवी तीच हाक त्यांच्या कानांवरून नुसती वाहून जाते. हे कसं होतं, मेंदूत कुठं होतं, एवढ्याच प्रश्नापायी तिची उमेदीची वर्षं सरली होती. लग्न करायचं राहून गेलं त्याचं खापरही नातेवाईक ढोल्यावरच फोडत.

फोन वाजला. वहिनी होती.

"कामात आहेस का गं? असलीस तरी सोड आणि धक्क्यावर ये. तुझ्या दादानं आज मैदान मारलं! होडी नुसती ढोल्यांनी भरलीय. सगळं बंदर लोटलंय बघायला."

"कुठून आणले?"

"मला काय त्यातलं कळतं? त्या खडकामागून म्हणे. तू ये तर खरी, तुझेच लाडके आहेत ते!"

तिनं फोन ठेवला. विद्यार्थ्यांना काय सांगितलं ते तिचं तिलाही आठवलं नाही. खडकामागची ती जागा जगात दोनच माणसांना ठाऊक होती.

वडील समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा ती शाळेत होती. दादानं स्वतःची शाळा सोडली आणि होडी धरली. "एकानं तरी शिकायचं," एवढंच तो म्हणाला होता. लहानपणी मासे ऐकायला वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसऱ्या टोकाला कान लावायला तिला त्यानंच शिकवलं. पण पुढं इंजिन आलं, आणि त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून दादाचे कान गेले. वल्ह्यातून काही ऐकू येईनासं झालं. समोरासमोर बोलायचं तरी उजव्या बाजूनं, आवाज चढवून बोलावं लागे.

यंदाच्या विणीच्या सुरुवातीला पाण्यात सोडायचा माइक घेऊन ती होडी शोधत होती, तेव्हा तो चिडलाच. "परक्याच्या होडीत कशाला? मी काय मेलोय?"

दोघं त्याच्या होडीतून खडकामागं गेली, तर पाणी ढोल्यांच्या हाकांनी नुसतं घुमत होतं. तिनं आपल्या कानांवरचे हेडफोन काढून त्याच्या कानांवर चढवले आणि आवाज पूर्ण वाढवला. दादा आधी दचकला, मग पुतळ्यासारखा बसून राहिला. थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांतून धार लागली.

"आहेत गं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, संपले."

त्या संध्याकाळनंतर तिनं हातचं काही राखलं नाही. एकट्या नराची हाक कशी, जमलेल्या थव्याची कशी, कुठल्या बाजूला आवाज दाटतो, सगळं त्याला हौसेनं शिकवलं. शेवटी म्हणाली, "दादा, ही जागा आपल्या दोघांतच राहू दे. आसपासचा सगळा ढोल्या विणीला इथंच येतो. इथं जाळं पडलं की खेळ खलास."

"वेडी का खुळी तू? पोटुशीला कोण मारतं? तुझ्या गळ्याची शपथ."

माइक आणि हेडफोन ती त्याच्याच होडीवर ठेवून आली होती. रोज ने-आण कशाला, म्हणून.

धक्क्यावर गर्दी फोडून ती पुढं झाली. होडीत मासळीचा ढीग चमकत होता. माद्यांची पोटं अंड्यांनी तट्ट फुगलेली. काही मासे अजून जिवंत होते आणि आवाज करत होते. ती हाक नव्हती. धरलेला ढोल्या कण्हल्यासारखा घरघरतो, ती घरघर होती. लोकांना तीही गंमत वाटत होती. ढिगात गुडघाभर रुतून दादा उभा होता, आणि त्याच्या गळ्यात तिचे हेडफोन लटकत होते.

"आलीस? बघ तरी!" तो ओरडला. मग तिचा चेहरा पाहून त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"शपथ घेतली होतीस, दादा."

"काय?" त्यानं सवयीनं उजवा कान पुढं केला.

"शपथ घेतली होतीस!"

सगळ्या धक्क्याच्या माना वळल्या. दादा काठाशी आला, खालच्या आवाजात म्हणाला, "चारचौघांत काय हे? आज ना उद्या कुणीतरी जाळं टाकलंच असतं. मग ते आपणच का नाही? सगळा जन्म याच कामात घालवलाय मी. एकदा तरी लोकांनी बघावं असं नाही वाटणार?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं कुणी बघितलंय! आणि तू काय पूजा करतेस त्यांची? डोक्यात तारा खुपसतेस. तुझा तो अभ्यास, आणि माझं तेवढं पाप?"

घाव वर्मी लागला होता, कारण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"मी तुला ऐकायला दिलं होतं," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात वहिनी एक भला मोठा मासा दोन्ही हातांवर तोलत आली. "हा तुझ्यासाठी मुद्दाम बाजूला काढलाय, हं." दोघांकडे बघून बिचारीचं हसू चेहऱ्यावरच विरलं.

तिनं वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, मासा घेतला नाही. मग दादाच्या गळ्याकडे हात नेला. त्यानं लहान मुलासारखी मान खाली केली. तिनं हेडफोन काढून घेतले, होडीतली वायर माइकसकट ओढून गुंडाळली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. मागून दादानं हाक मारली. तिला ती स्वच्छ ऐकू आली.

पुढच्या वर्षी विणीच्या दिवसांत तिनं परक्याची होडी ठरवली. प्रयोगशाळेच्या टाकीतल्या माद्यांचे कान यंदाही वेळेवर तीक्ष्ण झाले होते. हाक मात्र त्यांना स्पीकरमधूनच ऐकावी लागत होती.

खडकामागं माइक सोडून ती बसली. कोळंबीची बारीक चिटचिट तेवढी येत होती. कालही तेच, परवाही तेच.

"काय लागतंय का, ताई?" होडीवाल्यानं विचारलं.

"बघू."

वळणाआडून एक होडी इंजिन धडधडवत आली. तिच्या कानांत नुसता गोंगाट भरला.

"तुमचे दादाच ना हो ते?"

"हो."

दादानं तिला पाहिलं. तो वाकला आणि त्यानं इंजिन बंद केलं. तिला नीट ऐकू यावं म्हणून. पाणी एकदम शांत झालं. तो सुकाणूवर हात ठेवून तिच्याकडं टक लावून बघत राहिला.

डोळे मिटून ती ऐकत राहिली; कानांत तेवढीच कोळंबीची चिटचिट होती. ओहोटीचं पाणी दोन्ही होड्यांना हळूहळू एकमेकींपासून लांब नेत होतं.