पोर्ट क्लेअरचा गोलपोस्ट

मी एक जुना गोलपोस्ट आहे. माझे दोन्ही खांब छातीपर्यंत राखेत पुरले गेले आहेत. माझ्यासमोर जे करडे, सपाट माळरान दिसते, त्याच्या खाली पोर्ट क्लेअर नावाचे गाव आहे. चर्चच्या मनोऱ्याचे टोक, कस्टमच्या इमारतीचे वाकलेले पत्रे आणि उंचवट्यावरच्या मैदानातला मी, एवढेच काय ते वर उरलो. इथे राहायला कोणालाही परवानगी नाही. कावळासुद्धा बसत नाही. तरीही मित्रांनो, आमच्या सेंट ओडिल बेटाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ उत्तरेकडच्या नव्या मैदानावर सामना खेळतो, त्या दिवशी माझ्या आडव्या दांडीवर एक चेंडू येऊन आदळतो. चेंडू दिसत नाही. फटका मात्र मला बसतो.

हे कसे झाले, ते सांगतो.

माझे लोखंड साखर कारखान्यातले. कारखाना बंद पडला तेव्हा जोसाया लेन नावाच्या लोहाराने तिथले वाफेचे तीन नळ ओढत आणले आणि मला घडवले. आयुष्यभर ऐरणीशेजारी बसून जोसायाचे कान गेले होते. नळांची तोंडे बुजवायला हवीत, हे त्याच्या लक्षातच आले नाही. त्यामुळे वारा सुटला की मी घुमायचो. बायका म्हणायच्या, "जोसायाला गोल करायला सांगितला, त्यानं शंख करून ठेवला." त्याला ते ऐकू येत नसे. तो आपल्या पडवीतून माझ्याकडे बघून समाधानाने हसायचा. त्याचे घर मैदानाला लागूनच होते.

आमचे बेट एवढेसे. मध्ये डोंगर, त्याला सगळे म्हातारी म्हणत. तिच्या माथ्यावर नेहमी थोडी वाफ असायची. राष्ट्रीय संघ म्हणजे तरी कोण? दोन कोळी, एक पोस्टमन, बेकरीवाला, त्याचा मेहुणा, असे. गोलरक्षक ऑगस्टिन फेंटन हा पोलीस हवालदार होता. शिकवायला शाळेचे ड्यूबेरी मास्तर. पहिला आंतरराष्ट्रीय सामना आम्ही नऊ गोलांनी हरलो. पण त्यात आम्हाला एक कॉर्नर मिळाला होता, आणि पुढे कित्येक दिवस गाव त्या कॉर्नरबद्दलच बोलत होते. शेजारच्या बेटावर आमची बोट लागली की तिथले हमाल विचारायचे, "काय ओडिलकर, पोती आणलीत ना? गोल कशात भरून नेणार?"

घरच्या मैदानावरही कोणी सोडत नसे. मैदानाच्या कडेला हर्मिनमावशी बोकडाच्या रश्शाचे पातेले घेऊन बसायची. संघाचे कपडेही तीच धुवायची. ऑगस्टिनच्या हातून चेंडू सुटला की ती मागून म्हणायची, "हवालदार, चोर पण असेच सुटतात का रे तुझ्या हातून?"

"चोर निदान पळून दमतो, मावशी. हा चेंडू दमतच नाही."

तिचा मुलगा लेनॉक्स वाळूचा ट्रक चालवायचा. त्याचा डावा पाय हीच आमच्या संघाची खरी दौलत. सराव संपून सगळे पांगले की तो एकटा थांबायचा आणि चेंडू मुद्दाम माझ्या आडव्या दांडीवर मारायचा. मग मान तिरकी करून माझा नाद विरेपर्यंत ऐकत राहायचा. गोल झाल्याचा आनंद त्याला तेवढा नसे. तो फटका मी अजून ओळखतो. आधी थोडा घासतो, मग बसतो.

परदेशात चषकाचा एक सामना ठरला. त्याआधी लेनॉक्सचे दोन सराव चुकले, कारण ट्रक बंदरात अडकला होता. मास्तरांनी त्याला संघातून वगळले. माझ्यासमोरच सांगितले.

लेनॉक्स म्हणाला, "मास्तर, बोटीत जागा नाही म्हणा. तेवढं ऐकायला बरं वाटेल."

"जागा आहे," मास्तर म्हणाले. "शिस्त नाही."

बोट गेली. त्या दिवसांत मी वारा नसतानाही घुमत होतो. माझा नाद मला कुठून येतो हे माहीत असते. हा खालून येत होता. शेळ्या मैदानावर चरायला येईनाशा झाल्या. नळाच्या पाण्याला काडी ओढल्यासारखा वास येऊ लागला. रेडिओवर मोठी माणसे सांगत होती की काळजीचे कारण नाही. म्हातारीच्या माथ्यावरची वाफही थांबली होती, आणि लोकांना ते चांगले लक्षण वाटले. मला ते श्वास रोखून धरल्यासारखे वाटत होते.

सामन्याच्या दिवशी दुपारी मैदानाकडेच्या बदामाच्या झाडाखाली टेबलावर रेडिओ ठेवला गेला. अर्धे गाव जमले. लेनॉक्स कोणाशी न बोलता माझ्यासमोर एकटाच चेंडू मारत होता. तेवढ्यात रेडिओवर ओरड झाली. सेंट ओडिलने गोल केला होता. बाहेरच्या मैदानावर आम्ही आजवर कधीच आघाडी घेतली नव्हती. माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. लेनॉक्सने तिकडे पाहिलेही नाही. त्याने चेंडू मारला, दांडीवर बसला, आणि मी वाजलो.

वाजतच राहिलो. मला थांबता येईना.

लेनॉक्सने मान तिरकी केली. वाट पाहिली. मग जवळ येऊन माझ्या खांबावर तळवा ठेवला आणि झटकन काढून घेतला. तो खांब सावलीत होता.

तो झाडाखाली गेला. "आई, खांब गरम झालाय. आणि आवाज थांबत नाहीये. इथून निघायला हवं."

"गप रे. ऑगस्टिननं आत्ता चेंडू अडवलाय."

"म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. सगळे उत्तरेला चला."

बेकरीवाल्याचा म्हातारा बाप म्हणाला, "तुला संघात घेतलं नाही म्हणून आम्हाला ऐकू देत नाहीस होय? बस खाली. चाळीस मिनिटं राहिलीत."

लोक हसले. लेनॉक्सने टेबलावरचा रेडिओ उचलला, सरळ ट्रककडे गेला, तो पुढच्या सीटवर ठेवला, आवाज मोठा केला आणि गाडी सुरू केली.

"ज्याला मॅच ऐकायचीय त्यानं मागं चढा," तो म्हणाला. "मी उत्तरेला चाललोय."

काय शिव्या पडल्या त्याला! त्याच्या आईने तर पळीच फेकून मारली. पण पहिल्यांदाच जिंकत असलेला सामना कोण सोडणार? माणसे ट्रकमागे धावली, चढली, म्हाताऱ्यांना वर ओढले. ट्रक गल्लीगल्लीतून सावकाश फिरला. ज्या ज्या घरात ती ओरड ऐकू गेली, तिथून कोणी ना कोणी बाहेर आले. दुसऱ्या गाड्याही मागे लागल्या. थोड्याच वेळात गाव रिकामे झाले. मी तसाच वाजत होतो आणि ऐकायला कोणी उरले नव्हते.

पुढचे मला हर्मिनमावशीने नंतर, इथे येऊन सांगितले. ती माझ्याशी बोलते. उत्तरेची खिंड ओलांडल्यावर सामना संपला. सेंट ओडिल जिंकले. लोक ट्रकमध्येच नाचू लागले. लेनॉक्स मात्र एकेकाचे तोंड पाहत होता.

"जोसायाबाबा कुठंयत?" त्याने विचारले.

जोसाया घरात झोपलेला असणार; त्याला रेडिओ ऐकू आला नव्हता.

मावशी म्हणाली, "त्याला दुसरं कोणी आणेल. तू उतर."

"त्याला ऐकू येत नाही, पण ट्रक दिसेल. आलोच." त्याने सगळ्यांना उतरवले, रेडिओ आईच्या हातात दिला आणि ट्रक वळवला.

तो परत आला ते मी पाहिले. जोसाया पडवीत बसला होता. लेनॉक्सने त्याला दंड धरून उठवले. म्हाताऱ्याने डोंगराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काहीतरी विसरल्यासारखा घरात वळला. बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर चर्चला जाताना घालायची टोपी होती. लेनॉक्स हसला. त्याने दार उघडून त्याला ट्रकमध्ये बसवले.

तेव्हा माझा नाद अचानक थांबला.

म्हातारीची कूस फाटली. आधी आवाज आलाच नाही. करड्या कापसासारखे काहीतरी उतारावरून खाली येऊ लागले. दिसायला सावकाश, पण ट्रक दुसऱ्या वळणाला पोचायच्या आत ते गावात होते. त्यानंतर मला फक्त उष्णता आठवते.

आपला संघ गात गात परतत होता. समुद्रावर राख तरंगताना दिसली, तशी गाणी थांबली. बोट उत्तरेला, मासे उतरवायच्या धक्क्याला लागली. मास्तरांच्या हातात चादरीत गुंडाळलेला चषक होता. त्यांनी हर्मिनमावशीला पाहिले आणि तिच्या आसपास लेनॉक्सला शोधले. तीच म्हणाली, "पोरं उपाशी असतील, मास्तर. आधी त्यांना खायला घाला."

मित्रांनो, त्यानंतर वर्षे गेली. उत्तरेला नवे मैदान झाले. तिथले गोलपोस्ट हलके, पांढरे आणि मुके आहेत. अर्धे बेट परदेशी गेले होते. आता त्यांची मुले विमानाने येऊन आपल्या संघातून खेळतात. त्यांनी पोर्ट क्लेअर पाहिलेले नाही. माझी आठवण कोणाला असायचे कारण नव्हते.

नव्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याच्या दुपारी मी असाच उभा होतो. वारा नव्हता. इथे इतकी शांतता असते की राख बसतानाचा आवाज ऐकू येतो. आणि दांडीवर फटका बसला. आधी थोडा घासला, मग बसला. माझ्या अंगावरची राख झडून पडली आणि कितीतरी वेळ मी वाजत राहिलो. समोर कोणीतरी ऐकत थांबले आहे, असे मला वाटत होते. तिकडे काहीच नव्हते.

डोंगरावर पाळत ठेवणाऱ्या तज्ज्ञांनाही तो आवाज ऐकू गेला. ते म्हणाले, तापलेले लोखंड निवताना वाजते. असेल. पण पुढच्या सामन्यानंतर ते पाहणीला आले, सोबत ऑगस्टिन आणि हर्मिनमावशी होती, तेव्हा माझ्यासमोरच्या ताज्या राखेत पावले उमटली होती. दुरून धावत आलेली. शेवटी उजवे पाऊल खोल रुतलेले, आणि पुढे काही नाही. परत गेल्याची एकही खूण नव्हती.

ऑगस्टिन म्हणाला, "शेळी असेल, मावशी."

"शेळी एका पायावर उभी राहून लाथ मारते का, हवालदार?"

जाताना त्या सगळ्यांनी पावलांना वळसा घातला, तज्ज्ञांनीही.

मागच्या वर्षी फुटबॉल संघटनेने ठरवले की मला इथून कापून न्यायचे आणि नव्या स्टेडियमच्या दारात रंग देऊन उभे करायचे. सन्मानाचीच गोष्ट होती. दोन कामगार यंत्र घेऊन आले. त्यांच्यासोबत मावशी आणि काठी टेकत ड्यूबेरी मास्तर आले होते. त्याच दुपारी उत्तरेला सामना होता.

कामगाराने यंत्र सुरू करायला हात घातला, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "न्या खुशाल. पण मग तो मारणार कशावर?"

कामगाराने यंत्र खाली ठेवले. दुसरा ट्रककडे चालायला लागला होता.

मास्तर काठी टेकत माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "हर्मिन, बोटीत जागा होती."

"मला माहीत आहे."

"मी त्याला नेलं असतं तर..."

"तर ट्रक कोणी चालवला असता?" मावशीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "तुमचा राग येतो तेव्हा मी ट्रकमधली तोंडं आठवते, मास्तर. राग जात नाही. थोडा सरकून बसतो, एवढंच."

मास्तरांनी काठी माझ्या खांबाला टेकवली. बूट काढले. राखेने मैदान इतके वर आले आहे की माझी दांडी त्यांच्या छातीला लागत होती. ते वाकून तिच्याखालून माझ्या आत आले, तोंड फिरवले आणि दोन्ही हात पसरून गोलरक्षकासारखे उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस.

"ये," ते समोरच्या रिकाम्या माळाला म्हणाले. "तुझी जागा आहे. ये."

राखेवर धाव ऐकू आली. मावशीने डोळे मिटले नाहीत, हे मी पाहिले. या खेपेला दांडीवर काहीच आदळले नाही. माझ्या डाव्या खांबाला चाटून गार वारा आत शिरला, आणि मास्तरांनी त्या बाजूला अंग टाकले. ते राखेत पडून राहिले. मग सावकाश उठून बसले आणि आपला तळवा पाहू लागले. तो लालभडक झाला होता.

"अडवलात?" मावशीने विचारले.

"नाही," मास्तर म्हणाले. "हाताला लागून गेला."

मावशी हसली. हसता हसता तिने पदरासारखा रुमाल तोंडाला लावला.

मला कोणी कापले नाही. मी इथेच आहे. राख दर वर्षी थोडी वर येते; एक दिवस मी पुरता झाकला जाईन, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही मला रंग देऊ नका, दारात उभे करू नका. एकच मागणे आहे. तुम्ही संघ निवडाल, खेळाल, जिंकून गात गात घरी याल. ज्याला मागे ठेवून गेलात, त्याच्याकडे आधी जा. तो अजून हाकेच्या अंतरावर असतानाच जा.