ओट्याची उंची

मोजणीसाहेबांनी चौथी खुंटी ठोकली, तिच्याभोवती सुतळीचे दोन वेढे दिले आणि फितीचं टोक सुताराच्या हातात दिलं.

"धरा त्या कोपऱ्यात. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन खरा."

दोन्ही कर्ण सारखे आले. यायचेच होते. जमीनमोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस स्वतःच्या बागेतला दहा बाय आठचा तुकडा कसा चुकेल? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना मोजणीसाहेब म्हणूनच हाक मारत. घरातली खुर्ची जरा तिरकी झाली तरी त्यांना ते सहन होत नसे.

त्यांनी नकाशा गवतावर पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. सहा लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर उतरतं छप्पर. तीन बाजू उघड्या, घराकडची बाजू फळ्यांनी बंद. आत ओटा, भांडी घासायला मोरी, डब्यांसाठी फडताळ. तेलाच्या बाटलीची जागासुद्धा पेन्सिलीने गोल काढून दाखवली होती.

सुतार उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

"काढलंय झकास. पण साहेब, एवढ्या लांब कुंपणाला चिकटून कशाला? पावसात ताट झाकून पळत यायचं म्हणजे कसरतच."

"लांबच हवं," मोजणीसाहेब म्हणाले. मग त्यांना वाटलं, कारण सांगितलेलं बरं. "आमच्या हिला वास सोसत नाही. औषधं सुरू झाल्यापासून."

आधी तिला फोडणीचा वास नको झाला. मग भाताचा. शेवटी दूध तापवलं तरी ती तोंडावर पदर धरून खोलीत जाई. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं रोज ऐंशी माणसांचं जेवण रांधलेली बाई ती. आता स्वयंपाकघराचं दार दोन महिने बंद होतं. तिला थंड दही, केळं, फार तर गार झालेली पेज चाले. मोजणीसाहेबांचा डबा त्यांच्या बहिणीकडून येई. तो ते मागच्या पायरीवर उघडत आणि चोरासारखे उभ्याउभ्या जेवत. जेवून झालं की साबणाने दोनदा हात धूत, शर्ट बदलत आणि मगच तिच्या खोलीत जात.

"बरी झाली की इथे मोकळ्यावर करेल स्वयंपाक," ते म्हणाले. "वास घरात शिरायचा प्रश्नच नाही."

डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यातच ठेवून दिलं होतं. घरी आणलं नव्हतं.

सुताराने मान हलवली. उठून झाडाखालची वाळकी पानं गोळा केली, नळाखाली जराशी ओली केली आणि चौकोनाच्या मधोमध रचून काडी लावली.

"हे काय?"

"वारा बघतो. दोन मिनिटं थांबा."

धूर आधी सरळ वर गेला. मग जणू कुणी हाक मारल्यासारखा वळला आणि गवतावरून घसटत घराकडे निघाला. मोजणीसाहेब नुसते पाहत राहिले. चाळीस पावलांचं अंतर धुराने रमतगमत कापलं आणि तो नेमका कोपऱ्यावरच्या खिडकीत शिरला. आतून खिडकी धाडकन बंद झाली. त्यापाठोपाठ ओकारीचा आवाज आला.

ते धावले. चप्पल गवतातच राहिली.

पाऊण तासाने परत आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. सुताराने पानं विझवून वर माती लोटली होती. तो उभाच होता.

"चुकलं माझं, साहेब. विचारून पेटवायला हवं होतं."

"नाही. आज कळलं ते बरं झालं." मोजणीसाहेब खाली बसले. नकाशावरचे दगड एकेक करून बाजूला ठेवले. "अकरा नकाशे काढले मी. अकरा. एकातही वारा नाही."

सुताराने घराच्या मागच्या अंगाला बोट केलं.

"तिथे करू. खिडकीपासून पंधरा फूटसुद्धा नाही, पण वारा खिडकीकडून निघून रस्त्याकडे जातो. वास आत जायचा नाही. हवं तर चार दिवस वेगवेगळ्या वेळी फडकं बांधून बघा."

"इतक्या जवळ?"

"वाऱ्याला फुटांचं काय कळतंय, साहेब."

नकाशा घेऊन दोघं तिकडे गेले, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. डोक्याला रुमाल, अंगावर शाल, एक हात भिंतीला. तीन आठवड्यांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मोजणीसाहेब खुर्ची आणायला आत पळाले. खुर्ची ठेवून तिचा मागचा पाय डुगडुगतो का ते त्यांनी दाबून पाहिलं.

"बसू द्या की मला," ती म्हणाली. मग सुताराकडे वळून, "मिस्त्री, किती दिवसांचं काम?"

"लाकूड ओलं आहे, वहिनी. कापून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत वाळवायला लागेल. दोन-अडीच महिने धरा. घाई केली तर तुळई पिळवटते. लवकर हवं असेल तर लोखंडी सांगाडा करा, आठ दिवसांत उभा राहील."

"लोखंडी चालेल," मोजणीसाहेब घाईने म्हणाले. "काय हरकत आहे? आठ दिवसांत होतंय तर."

"लाकडाचंच करा," ती म्हणाली. "वाळू दे नीट. लोखंड तापतं, गंजतं. पुष्कळ वर्षं टिकायला हवं."

सुताराने एकदा तिच्याकडे, एकदा मोजणीसाहेबांकडे पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"ओटा किती उंच घेऊ?"

"एकतीस इंच," मोजणीसाहेब म्हणाले. "आतला एकतीसच आहे. हिच्या मापाने करून घेतला होता."

"एकतीस नको."

"अगं, तुला तेवढाच लागतो. उंच झाला की खांदे दुखतात म्हणून तूच तर..."

"इकडे या जरा. सरळ उभे राहा. पोक काढू नका."

ते उभे राहिले. ती खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली. त्यांचा उजवा हात कोपरात वाकवला आणि कोपराखाली चार बोटं आडवी धरली. तिचं मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी वर सरकवून रुमालाने बांधून ठेवली होती.

"इथे. मिस्त्री, हे मोजा."

सुताराने जमिनीपासून फीत लावली.

"छत्तीसला जरा कमी."

"छत्तीसच घ्या."

"मग तुला कसं पुरेल?" मोजणीसाहेबांचा हात अजून तसाच वाकलेला होता.

"मी पाट घेईन पायाखाली," ती म्हणाली. सुताराकडे न बघता म्हणाली, आणि त्यांच्याकडेही नाही.

सुताराने फीत गुंडाळायला सुरुवात केली आणि गुंडाळतच राहिला. मोजणीसाहेबांनी नकाशा गुडघ्यावर घेतला. खोडरबर खिशात होतं, पण ते न काढता त्यांनी एकतीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी छत्तीस लिहिलं. असं खोडून लिहिलेलं त्यांनी हाताखालच्या कुणाचं कधी चालवून घेतलं नव्हतं.

"आणि ही फळ्यांची भिंत कशाला?" ती नकाशावर वाकली.

"तुला आवाज नको, वास नको..."

"वास येणार नाही म्हणाले ना मिस्त्री. ती बाजू उघडी ठेवा. मला दिसू दे."

सुतार गेल्यावर ती लगेच आत गेली नाही. ऊन उतरेपर्यंत खुर्चीतच बसली. मोजणीसाहेब पायरीवर.

"वही आणा," ती म्हणाली. "साधा भात आणि बटाट्याची भाजी. एवढ्यापासून सुरू करू."

त्यांनी वही आणली. समास आखला.

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

"असं नको. चमच्यात सांग."

"चमच्यात कधी घातलंय मी? हाताला कळतं."

"मग मी लिहू काय?"

ती हसली, हसता हसता दम लागला, तो खाली बसेपर्यंत थांबली. "ऐंशी माणसं जेवून जायची माझ्या हातचं. त्यातल्या कुणी कधी माप विचारलं नाही. आणि घरचाच माणूस चहासुद्धा पातेलं करपवून करतो. लिहा, अंदाजाने."

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही.

"अंदाज यायला किती दिवस लागतात?"

"रोज केलंत तर येईल दोन महिन्यांत."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"छप्पर व्हायलाच अडीच महिने लागणार आहेत," ते हळूच म्हणाले.

"छपराविना करा. छत्री धरून करा. उद्यापासून करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आतली शेगडी आणि सिलिंडर ओढत मागच्या अंगणात आणले. रस्त्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात फडकं धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. स्टुलावर कढई चढवली. कांदा इतक्या सारख्या तुकड्यांत चिरला होता की कुणी मोजपट्टी लावून पाहावी. तेल टाकलं, कांदा टाकला. तो एकदम तडतडला तसे ते दचकून मागे सरले आणि खिडकीकडे बघितलं.

खिडकी बंद होती. काचेमागे ती उशीला टेकून बसलेली होती. तोंडावर पदर नव्हता. तिने हात वर केला, अंगठा आणि बोट जवळ आणलं. मंद.

त्यांनी वाकून आच कमी केली आणि पुन्हा पाहिलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. बोटं आणखी जवळ आणली.